तापीच्या पाण्यांत गळ टाकून

आमच्या घरांत मासा शिजल्याचें कोणासही आठवत नाहीं. मग तो धरण्याची गोष्ट दूरच. 'गळास लागणें' हा वाक्प्रचार आम्हीं पस्तीस वर्षें मुलांना वाक्यांत योजून दाखविला, परंतु गळ म्हणून हातांत कधीं धरला नव्हता. असे आम्ही गेल्या मार्गशीर्षांत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, प्रकाशा येथें तापीच्या पात्रांत होडीवर बसून पाण्यावर नाचणाऱ्या एका मोरपिसाच्या काडीकडे टक लावून होतों, असें सांगितलें तर वाचकांस नवल वाटेल. आमच्या कुटुंबास तर तें अद्यापि वाटतें.

याला कारण झाला आमचा नातू. आमची कन्या व जामात अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत असतात. त्यांचा अकरा वर्षांचा चिरंजीव सुटींत शहाद्यास आला आणि पहिल्याच सकाळीं विचारता झाला, "आजोबा, इथल्या नदींत वॉलआय मिळतो का?"

वॉलआय हा तिकडील गोड्या पाण्यांतील मासा. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमत्स्य आहे. त्याच्या डोळ्यांत, मांजराच्या असतो तसा, उजेड परतविणारा चकचकीत पडदा असतो. त्यामुळें त्यास अंधुक प्रकाशांत उत्तम दिसतें, आणि तिन्हीसांजेस तो भक्ष्य शोधावयास निघतो. दुसरा पर्च, हा पिवळसर, अंगावर काळपट उभे पट्टे असलेला, थव्यानें हिंडणारा, म्हणून मुलांच्या हातीं लवकर लागणारा. तेथें आईबाप मुलांना घेऊन एखादा वाटाड्या ठरवितात. होडी त्याची, काठ्या त्याच्या, आणि आज मासा कोठें असेल हें ज्ञानही त्याचेंच. एका दिवसांत किती मासे ठेवावे यास सरकारी निर्बंध असतो. त्याहून अधिक लागले तर पुन्हां पाण्यांत सोडावे लागतात. एवढें सर्व सांगून मुलानें विचारलें, "मग आपला वाटाड्या कोण?"

या प्रश्नानें घरांत दोन पक्ष पडले. सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं, खावयाचा नाहीं तर त्या मुक्या जीवास टोचावें तरी कशाला? आम्हीं सवयीप्रमाणें ग्रंथांचा आश्रय केला. अमरकोशांत माशांचीं कितीतरी नांवें आहेत. पाठीन नांवाच्या माशास तेथें 'सहस्रदंष्ट्र' असेंही म्हटलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत हव्यकव्यांत पाठीन व रोहित ग्राह्य मानले आहेत, आणि बंगाली, मैथिल व सारस्वत ब्राह्मणांच्या घरीं मासा आजही निषिद्ध नाहीं. इतकेंच नव्हे, तर बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक प्रकरणच आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंडेकरांनीं हा ग्रंथ संपादिला. त्याचा पहिला खंड १९२५ सालीं निघाला. नदींतले मासे कोणते, समुद्रांतले कोणते, कोणास खवले आहेत, कोणास कोणतें खाद्य घालावें, काठी व गळ कसे असावे, हें सारें त्या प्रकरणांत संस्कृत श्लोकांत बसविलें आहे.

सौभाग्यवतींनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाल्या, "राजाला विचारलंत, मनूला विचारलंत. माशाला विचारलंत का?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. अखेर, जाऊन पाहावें, नदीवर राहणाऱ्या माणसाचें ऐकावें आणि मग ठरवावें, एवढ्यावर तडजोड झाली. त्याही बरोबर आल्या.

प्रकाशा येथें गोमाई नदी तापीस मिळते. घांटावर केदारेश्वराचें मंदिर आहे; सिंहस्थांत येथें मोठी यात्रा भरते. एका परिचितानें होडीसाठीं एक भोई सांगून ठेविला होता. पन्नाशी ओलांडलेला, अंगानें सडपातळ असा तो मनुष्य घांटाखालीं उभा होता. आम्हांस पाहतांच त्यानें वांकून नमस्कार केला व "या, गुरुजी" म्हणाला. गांवोगांवीं आम्हांस गुरुजी म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्हीं तिकडे विशेष लक्ष दिलें नाहीं.

त्यानें प्रथम सर्वांच्या अंगांत तरंगणारीं जाकिटें घालविलीं आणि मगच होडी सोडली. गळ काढण्यापूर्वीं त्यानें एक प्रश्न केला: "तुमच्यांत मासा खात नाहींत. मग लागला तर करायचं काय?" नातू म्हणाला, "सोडून देऊं." भोयानें मान हालविली. "भूक नसतांना गळ टाकायचा आणि भोक पाडून सोडायचं, ही आमच्यांत रीत नाहीं. माझ्या घरीं सहा माणसं आहेत. तेवढ्यापुरते धरूं, मग काठी ठेवूं." सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांत नव्हतें, तें होडींत होतें.

पुढले दोन तास आम्हीं जें ऐकलें तें एखाद्या उत्तम पाठासारखें होतें. धांवतें पाणी व संथ पाणी जेथें एकमेकांस घांसतात तेथें एक बारीक रेघ उमटते. त्या रेघेच्या संथ बाजूस मासा थांबतो, कारण श्रम न करतां त्याचें अन्न वाहत येतें. बोंड नुसतें थरथरलें तर लहान मासा आमिष कुरतडतो आहे असें समजावें व हात आवरावा. बोंड तिरपें होऊन खालीं जाऊं लागलें कीं मगच ओढावें. नातू तीनदां घाईनें काठी उचलून रिकामा गळ पाहून बसला. "नदीले घाई नही," भोई आपल्या अहिराणींत म्हणाला. चवथ्या खेपेस मुलाच्या हातीं एक चिलापी लागली. हा मासा मूळचा आफ्रिकेंतला. १९५२ सालीं तो या देशांत आणला गेला, आणि मादी आपलीं अंडीं तोंडांतच उबवीत असल्यामुळें त्याचा प्रसार झपाट्यानें झाला.

एका लव्हाळ्याच्या कडेला पाण्यांत तांबूस पिलांचा ढग हालत होता. भोयानें होडी लांबून वळविली. तीं मरळीचीं पिलें. मरळ वर येऊन हवा घेते व नरमादी दोघें पिलांची राखण करितात. अशा वेळीं त्यांस धरणें सोपें असतें, म्हणूनच धरूं नये, असें त्याच्या बापानें त्यास शिकविलें होतें.

"हें सगळं तुम्ही कुठं शिकलांत?" नातवानें विचारलें.

"बापाजवळ," भोई हंसून म्हणाला. "आषाढांत पहिला पूर आला कीं आठ आठ दिवस शाळा बुडवून. तुझ्या आजोबांना विचार."

तेव्हां कोठें आम्हांस ओळख पटली. आम्ही नुकतेच नोकरीस लागलों होतों, आणि हा सहावींत होता. पुराच्या दिवसांत तो नेहमीं गैरहजर असे. एकदां आम्हीं त्यास सर्व वर्गासमोर उभें करून म्हटलें होतें, "मासेच मारायचे, तर इथली जागा कशाला अडवतोस?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाहीं. आम्हींही चौकशी केली नाहीं. पटावरून एक नांव कमी झालें, एवढेंच. पाठीन शब्दाचा अर्थ आम्हांस पाठ होता. पाठीन ज्यानें पाहिला होता तो मुलगा मात्र आम्हीं घालविला.

दिवस कलला तसा त्यानें जाड दोरीच्या गळास माशाचा तुकडा लावून खोल पाण्यांत सोडला. अंधार पडतां पडतां हातभर लांबीचा, लांब मिशांचा, रुंद जबड्याचा मासा वर आला. "शिवडा. बोट लावूं नको, दात बघ," भोई म्हणाला. हाच तो पाठीन, हाच सहस्रदंष्ट्र! नातवानें वहींत तिन्ही नांवें लिहिलीं आणि खालीं लिहिलें, 'वॉलआयसारखाच, अंधारांत निघतो.' मग काठ्या ठेविल्या गेल्या.

परततांना भोई नदीविषयीं बोलूं लागला. खालीं गुजराथेंत उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें झालें. पुढें सारंगखेडें व प्रकाशा येथें बंधारे झाले. पाणी अडलें, शेतें भिजलीं; परंतु वाहत्या पाण्याच्या व गोट्यांच्या तळाच्या आधारानें वाढणारा महाशीर, ज्याच्या गोष्टी त्याचा बाप सांगे, तो त्याच्या मुलांनीं पाहिलेला नाहीं. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदेचीही हीच कथा आहे. सरदार सरोवराच्या पाण्यानें अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. २०१७ सालीं दारें मिटून धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली. डोंगरउतारावर शेती करणारे कितीएक आदिवासी आज त्याच पाण्यावर होडी व जाळें घेऊन पोट भरतात.

वाचकांपैकीं कोणास मुलांसह जावयाचें असेल तर चार गोष्टी सांगतों. पावसाळ्यांत जाऊं नये. तेव्हां नदी धोक्याची असते आणि मासे अंडीं घालण्यास वर चढतात. कार्तिकानंतर पाणी निवळतें, तें बरें. बंधाऱ्याच्या दारांपासून लांब राहावें. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतो. म्हणून आधीं परवानगी घ्यावी. आणि वाटाड्याची मजुरी आधीं ठरवून ती पुरती द्यावी; तो केवळ होडी वल्हवीत नाहीं, तो शिकवितो.

घांटावर उतरल्यावर आम्हीं त्या भोयास बाजूस घेऊन म्हटलें, "त्या दिवशीं चूक आमची होती." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, माझी धाकटी आतां आठवींत आहे. तिचं संस्कृत कच्चं आहे."

ती दर रविवारीं आमच्याकडे येते. परवां ती अमरकोशांतील माशांचीं नांवें म्हणून दाखवीत होती. त्यांतील कोणतें नांव कोणत्या माशाचें, हें सांगण्याचें काम तिच्याकडे आहे.