ताशी सव्वासात डॉलर

अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ठरवून दिलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा नाही, असं राबलं तर वर्षाला १५,०८० डॉलर होतात. आता समजा, सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यातून घडला तो वाहत होता, तिकडे डायनोसॉर शेवटचे श्वास घेत होते, तेव्हापासून एक माणूस या दराने कामावर आहे. म्हणजे गोळाबेरीज ६ कोटी ६० लाख वर्षं. कर नाही, भाडं नाही, जेवणसुद्धा नाही, सगळी कमाई शिल्लक. आज त्याच्या गाठीला ९९,५२८ कोटी डॉलर असतील. एक लाख कोटींचा पल्ला गाठायला त्याला आणखी तीनेक लाख वर्षं कामावर जावं लागेल.

एक लाख कोटी, म्हणजे एक ट्रिलियन डॉलर, हा आकडा काही मी हवेतून काढलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या भागधारकांनी इलॉन मस्क यांच्यासाठी जी मोबदल्याची योजना मंजूर केली, तिची कमाल किंमत साधारण एवढीच होते. अर्थात ही रक्कम रोख नाही, शेअर्समध्ये आहे. शिवाय दहा वर्षांत कंपनीचं बाजारमूल्य साडेआठ ट्रिलियनवर नेण्यासारख्या अवघड अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर यातलं बरंचसं कागदावरच राहील. तरी ७५ टक्क्यांहून जास्त मतांनी हा कागद मंजूर झाला.

मस्क अपवाद म्हणून सोडून देऊ. स्टारबक्स घ्या. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यामुळे अमेरिकेतल्या शेअर बाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्यांना सीईओचा मोबदला मधल्या कामगाराच्या किती पट आहे ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. मधला म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोब्बर मध्यावर येणारा. २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी स्टारबक्सचं गुणोत्तर निघालं ६,६६६ ला १. सीईओ ब्रायन निकोल नुकतेच रुजू झाले होते, त्यामुळे त्यांचा मोबदला पूर्ण वर्षाच्या हिशोबाने धरला होता आणि त्यातला मोठा भाग शेअर्सचा होता. समोरच्या पारड्यात १४,६७४ डॉलर कमावणारा, बहुधा अर्धवेळ काम करणारा कॉफीवाला. वर्षाच्या ८,७६० तासांना ६,६६६ ने भागा, १ तास १९ मिनिटं येतात. एक जानेवारीच्या मध्यरात्री घड्याळ सुरू केलं तर रात्री एक वाजून वीस मिनिटं व्हायच्या आत साहेबांच्या खात्यात त्या मुलाची वर्षाची कमाई जमा झालेली असेल. साहेब झोपलेले असले तरी.

हे पूर्वापार असंच होतं असं नाही. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या हिशोबानुसार १९६५ मध्ये मोठ्या कंपन्यांचा सीईओ सामान्य कामगाराच्या साधारण २१ पट कमवायचा, २०२३ मध्ये २९० पट. मधे एक गंमत झाली. सीईओंच्या पगाराला वेसण घालायची म्हणून १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने नियम केला, की दहा लाख डॉलरच्या वरचा पगार कंपनीला करातून वजा करता येणार नाही. पण कामगिरीवर अवलंबून असलेला मोबदला त्यातून वगळला. झालं! कंपन्यांनी पगार दहा लाखांवर टेकवले आणि उरलेलं सगळं स्टॉक ऑप्शन्समध्ये घातलं. शेअर बाजार चढला तसे तेही चढले. ही पळवाट बुजवायला २०१७ साल उजाडलं.

तळाशी काय झालं? रँड कॉर्पोरेशनच्या २०२० च्या अभ्यासाने एक साधा प्रश्न विचारला: उत्पन्नाची वाटणी १९७५ इतकीच समान राहिली असती, तर? उत्तर आलं, की २०१८ पर्यंत खालच्या ९० टक्के लोकांना एकूण ४७ ट्रिलियन डॉलर जास्त मिळाले असते. एकट्या २०१८ मध्ये अडीच ट्रिलियन.

मला मात्र या अवाढव्य आकड्यांपेक्षा न हललेले बारके आकडे जास्त चक्रावतात. ७.२५ चा दर २४ जुलै २००९ ला लागू झाला आणि तिथेच थिजला. १९३८ मध्ये किमान वेतन सुरू झाल्यापासून इतका दीर्घ खंड कधी पडला नव्हता. दरम्यान महागाईने त्याची जवळपास एक तृतीयांश किंमत खाल्ली. १९६८ चे १.६० डॉलर आजच्या भावाने चौदाच्या वर जातात. म्हणजे चंद्रावर माणूस उतरायच्या आदल्या वर्षी झाडू मारणाऱ्याला कायद्याने आजच्या दुप्पट मिळत होतं.

त्याहून बारका आकडा २.१३. टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचा हा केंद्रीय किमान दर १९९१ पासून तसाच आहे. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा, असं कायदा सांगतो. टेक्ससमधल्या एखाद्या वेट्रेसची पगाराची चिठ्ठी पाहा. ४० तासांचे ८५ डॉलर २० सेंट. पण टिपवरचा करही याच रकमेतून कापला जातो, त्यामुळे खाली निव्वळ रकमेच्या जागी कित्येकदा शून्य छापलेलं असतं. चिठ्ठी आहे, पगार नाही. घरभाडं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

मार्च २०२१ मध्ये सिनेटमध्ये किमान वेतन १५ डॉलर करण्याचा प्रस्ताव आला. ४२ विरुद्ध ५८ मतांनी तो पडला. पाडणाऱ्यांत डेमोक्रॅटिक गटातलेही आठ होते.

आणि तरीही त्याच वर्षी तळाचे पगार झपाट्याने वाढू लागले. कारण माणसं मिळेनात. नोव्हेंबर २०२१ च्या एका महिन्यात सुमारे ४५ लाख अमेरिकनांनी नोकऱ्या सोडल्या. हॉटेलांनी दारावर वाढीव दराच्या पाट्या लावल्या. डेव्हिड ऑटर, अरिंद्रजित दुबे आणि ॲनी मॅकग्रू या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं, की १९८० पासून वरच्या आणि खालच्या मजुरीत वाढत गेलेल्या दरीचा साधारण एक तृतीयांश भाग या दोन-तीन वर्षांत भरून निघाला. चाळीस वर्षांची दरी आणि भरणारे कोण, तर राजीनामा टाकून शेजारच्या दुकानात दोन डॉलर जास्तीवर जाणारे! २०२३ मध्ये ७.२५ किंवा त्याहून कमी दरावर राबणारे ८ लाख ६९ हजारच उरले होते, ताशी मजुरांच्या जेमतेम एक टक्का. कायदा जागचा हलला नव्हता, बाजार त्याला ओलांडून पुढे गेला होता.

मग राजीनाम्यांचा ओघ आटला. २०२५ मध्ये सर्वांत कमी पगाराच्या पाव हिश्श्याची पगारवाढ वरच्या पाव हिश्श्याच्या मागे पडली.