डिझेल की पेट्रोल? जबल अलीतला न संपणारा वाद

आखातातल्या मराठी माणसांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी तीनच मुक्कामांना पोचतात: मुलांच्या शाळेची फी, पुण्यातला नाहीतर ठाण्यातला रखडलेला फ्लॅट, आणि गाडी. पहिल्या दोन विषयांत सगळ्यांचं दुःख सारखंच, त्यामुळे तिथे वाद होत नाही, नुसते सुस्कारे सोडले जातात. गाडीचं मात्र तसं नाही. "पुढची गाडी कुठली घ्यावी?" एवढं विचारायचा अवकाश, की प्रत्येकाच्या अंगात एक इंजिनिअर संचारतो. (जे खरोखरीचे इंजिनिअर आहेत ते अशा वेळी गप्प बसतात, असा आमचा अनुभव आहे.)

जबल अलीत हा वाद जरा जास्तच रंगतो. २६ फेब्रुवारी १९७९ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते इथल्या बंदराचं उद्घाटन झालं, १९८५ साली फ्री झोन आला, आणि मागोमाग पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक इथल्या कारखान्यांत हात काळे केलेली आपली मंडळी आली. कुणी गोदामात स्पेअर पार्टस् मोजतो, कुणी जनरेटर सांभाळतो, कुणी बंदरावर उतरलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगा रोज कामावर जाताना पाहतो. तेव्हा इंजिन हा इथे केवळ गप्पांचा विषय नाही, कित्येक घरांची चूल त्यावर पेटते.

२०२२ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथल्या नव्या हिंदू मंदिराचं उद्घाटन झालं. तेव्हापासून सणाला दर्शन घ्यायचं आणि मग पार्किंगमध्ये उभ्याउभ्या गप्पा मारायच्या, असा अनेकांचा शिरस्ता पडला आहे. गेल्या दसऱ्याला अशाच एका घोळक्यात आम्ही सापडलो. चिंचवडचे एक गृहस्थ म्हणत होते, "डिझेलसारखं इंजिन नाही हो! ॲव्हरेज बघा, ताकद बघा. पण या देशात साधी डिझेलची कार घ्यावी म्हटलं तर शोरूममध्ये दिसत नाही." मुलीकडे आलेले कुर्ल्याचे एक काका वैतागून म्हणाले, "धुराचे नियम आले आणि आमच्या कारखान्यांचं वाटोळं झालं." डोंबिवलीच्या एक वहिनी फ्री झोनमध्ये अकाउंट्स बघतात. त्या म्हणाल्या, "माझी हायब्रिड आहे. पंपावर कमी वेळा जावं लागतं, एवढंच मला कळतं. तुमचं चालू दे."

तिघांचंही थोडंथोडं खरं आहे. म्हणूनच घरी आल्यावर आम्ही जुनी कात्रणं काढून बसलो.

आधी डिझेलचं पाहू. आपण देशात वाढलो ते 'डिझेल परवडतं' हा मंत्र ऐकत. तिथे पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारने मोकळे केले, पण डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात, २०१२ च्या सुमारास, दोन्हींत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक पडला होता. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. जो माणूस महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर चालवायचा तोसुद्धा लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल घ्यायचा!

इथे नेमकं उलटं होतं. पेट्रोलचा भाव सरकारने खाली ठेवलेला, आणि डिझेल महाग. जुलै २०१५ मध्ये स्पेशल ९५ पेट्रोल लिटरला १ दिरहॅम ७२ फिल्स होतं, तर डिझेल २ दिरहॅम ९० फिल्स. (लिटर म्हणायची सवयसुद्धा इथे २०१० पासूनची. त्याआधी पंपावर गॅलनचा हिशेब असे आणि ॲव्हरेज काढताना नवशिक्यांची भंबेरी उडे.) १ ऑगस्ट २०१५ पासून भाव दरमहा ठरू लागले. त्या महिन्यात पेट्रोल २.१४ झालं आणि डिझेल २.०५ वर उतरलं. पण तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या. डिझेल म्हणजे ट्रक, बस, जनरेटर, आणि कार म्हणजे पेट्रोल. जुलै २०२२ मध्ये तेच पेट्रोल ४.५२ पर्यंत चढलं तेव्हा सगळ्यांनी बोंब मारली. डिझेलकडे मात्र कुणी वळलं नाही, कारण तेव्हा तेही त्याहून महागच होतं.

म्हणजे चिंचवडचा तोच माणूस तिथे डिझेलवाला आणि इथे पेट्रोलवाला. इंजिनाची गुणवत्ता तर बदललेली नाही, बदलला तो पंपावरचा आकडा. आमचं तर असं मत झालं आहे, की इंजिनाच्या वादात इंजिनाचा वाटा चार आणे असतो. उरलेले बारा आणे पंपावर आणि सरकारी राजपत्रात ठरतात.

आता धुराकडे वळू. मुळात धूर गाडीचा की तेलाचा, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. पेट्रोलमध्ये शिसं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही दिवसांतच निकामी होतो. म्हणून आधी शिसं काढावं लागतं, मगच सायलेन्सरच्या वाटेत कन्व्हर्टर बसवता येतो. भारतात एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. अमिरातीत ते १ जानेवारी २००३ पासून आलं. म्हणजे याबाबतीत भारत तीन वर्षं पुढे होता! हे सांगितलं की इथली आपली मंडळी चमकून बघतात.

डिझेलमध्ये शिशाच्या जागी गंधक. भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. चौथ्या टप्प्यात ते ५० वर आलं आणि सहाव्यात १० वर. पाचवा टप्पा गाळूनच टाकला. चौथा टप्पा २०१० साली निवडक शहरांत आला तेव्हा त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. एप्रिल २०२० पासून देशभर सहावा लागू झाला. डिझेल कारमधून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला पाव ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

हे साधायचं तर नव्या डिझेल गाडीत काजळी धरून ठेवणारा फिल्टर बसवावा लागतो. फिल्टर भरला की साठलेली काजळी आतल्या आत जाळून टाकायची असते, आणि त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो. म्हणजे गाडी वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने पळायला हवी. आता गंमत पाहा. जबल अलीहून अबुधाबीकडे जाणारा शेख झायेद रस्ता यासाठी आदर्श, फिल्टर आपोआप साफ होईल. पण इथे कुणी डिझेल कार घेत नाही. आणि जिथे घेतात त्या पुण्यात निगडीहून स्वारगेटला जायला पहिला-दुसरा गिअर पुरतो! मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि बिचारा मालक गाडी घेऊन एक्स्प्रेस वेवर नुसता फिरून येतो.

आता कुर्ल्याच्या काकांचा मुद्दा. नियमांनी कारखाने बुडवले का?

काका ज्या प्रीमियर कंपनीचं नाव अजून अभिमानाने घेतात ती १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फिएट, पुढची प्रीमियर पद्मिनी, मुंबईची टॅक्सी झाली. पण साठच्या दशकातल्या १,०८९ सीसीच्या इंजिनावर ती जवळजवळ तशीच बनत राहिली, कारण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून उभं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ती रांग विरळ होऊ लागली. धुराचे पहिले नियम पेट्रोल गाड्यांना लागू झाले १९९१ साली. काकांचा राग आम्ही समजू शकतो, पण तारखा त्यांच्या बाजूने बोलत नाहीत. उलट धुराच्या एका आदेशाने पद्मिनीचं आयुष्य वाढवलं, असंच आम्ही म्हणू. डिसेंबर १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सी सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर आणायला लावल्या. सिलिंडरने डिकी अडवली, सामान टपावरच्या कॅरियरवर गेलं, आणि तेच म्हातारं इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली तशी ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस थांबली.

तळेगावचंही तसंच. जनरल मोटर्सने २००८ साली सुरू केलेला तो कारखाना बंद पडला तो गाड्या खपेनात म्हणून. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्री थांबवली, काही काळ मेक्सिकोसाठी गाड्या बनवल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन संपलं. पुढच्या वर्षी चौदाशेहून अधिक कामगारांच्या हाती नोटिसा पडल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ साली तिथलं काम पुन्हा सुरू झालं. मधली चार-पाच वर्षं ज्या घरांनी काढली त्यांना ती किती लांब वाटली असतील, हे आखातात नोकरी गमावलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नियमाने खरोखर संपवलेलं एक इंजिन मात्र आहे, आणि ते आपल्याच पुणे जिल्ह्यातलं. रांजणगावला फिएट आणि टाटांच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. मनेसरला मारुतीसाठी बनायचं तेही तेच. स्विफ्टमध्ये ते, इंडिका व्हिस्टात ते, अशी त्याची कीर्ती. सहाव्या टप्प्यासाठी त्यात फेरफार करायचे तर लहान गाडीची किंमत फार चढली असती. २०२० साली ते बंद झालं, मारुतीने तर डिझेलच सोडलं. आणि त्याच वर्षी जानेवारीत, त्याच रांजणगावहून टाटांची विजेवर चालणारी नेक्सॉन बाहेर पडली! तेव्हा नियमामुळे कारखाना बंदच पडतो असं नाही, त्यातलं काम बदलतं. पण इंजेक्टर आणि पिस्टन बनवणाऱ्या चाकण-भोसरीच्या लहान वर्कशॉपला मोटर आणि बॅटरी एका रात्रीत बनवता येत नाही. खरा मार त्याला बसतो.

त्यातही त्रास होतो तो नियमापेक्षा धरसोडीने. मार्च २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या गाड्या १ एप्रिलनंतर विकता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ते २९ मार्चला! दोन दिवसांत दुकानांसमोर झुंबड उडाली आणि स्कूटर-मोटारसायकली हजारो रुपये कमी करून विकल्या गेल्या. ज्यांच्याकडे माल पडून होता त्यांचं नुकसान, ज्यांनी रांगेत उभं राहून घेतल्या त्यांची चंगळ. धुराचं काय झालं? त्या गाड्या शेवटी रस्त्यावरच आल्या.

वहिनींच्या हायब्रिडवर आम्ही फारसं भांडणार नाही. सतत एसी चालू, थांबत-थांबत जायचं, अशा शहरात ती पेट्रोल वाचवते. दुबईच्या टॅक्सींत हायब्रिड कॅमरी भरल्या आहेत त्या उगाच नाहीत. मुंबईत सीएनजी जसा टॅक्सीपासून रुळला तसंच हे. पण तरुण मंडळी लगेच म्हणतात, "आता हायब्रिड कशाला? सरळ इलेक्ट्रिक घ्या, धूरच नाही." त्यांना आम्ही जबल अलीतलं वीजकेंद्र दाखवतो. नैसर्गिक वायूवर चालणारं हे केंद्र एकाच जागी ९,५४७ मेगावॉट क्षमतेचं, गिनीज बुकात नोंदलेलं. वाळवंटात सौर पार्कही वाढतो आहे, तरी रात्री प्लग लावला की अजून वायूच जळतो. मात्र धूर गर्दीच्या रस्त्यावर, मुलांच्या नाकापाशी निघत नाही, हेही खरं आहे आणि थोडं नाही. उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेवायला वीज लागते, तेवढी मात्र हिशेबात धरावी.

वाचकांपैकी अनेकांसमोर खरा प्रश्न इथल्या गाडीचा नाहीच. स्टिअरिंग डावीकडे असल्याने ही गाडी काही परत नेता येत नाही, ती इथेच विकायची. प्रश्न आहे तो घरी आईवडिलांसाठी घेऊन ठेवलेल्या डिझेल गाडीचा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयांनी जे निर्बंध आणले ते महाराष्ट्राला लागू नाहीत, उगीच घाबरून विकू नका. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का हे पाहायला समिती नेमली, तिच्याकडे मात्र लक्ष ठेवावं. बीएस-४ च्या बऱ्याच लहान डिझेल गाड्यांना तो काजळीचा फिल्टर नाही, त्या गावातल्या गावात चालतील. नवी घेणार असाल आणि वडील फक्त मंडईपर्यंत जात असतील, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका.

आमच्या ओळखीतल्या एकांनी हा सगळा हिशेब फोनवरून निगडीच्या वडिलांना समजावला: गाडी २०१४ ची, २०२९ मध्ये पंधरा वर्षं होतील, मग पुन्हा पासिंग, पाच हजार फी, पीयूसी, शिवाय विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "२०२९ साली मी ब्याऐंशीचा होईन. माझं पासिंग कुठल्या आरटीओत करायचं ते आधी बघ."