दशांश ग्रेनचा काटा

काटा म्हटलं की आपल्याला आधी काटामारी आठवते. ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला शेतकरी असो किंवा रद्दीवाल्यासमोरची गृहिणी, वजन करणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा. मी ज्या काट्याविषयी लिहितोय तिथे मात्र हे दोघे एकच. अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरीच त्या पुन्हा भरतात. पुंगळी मूळ मापात आणायची, दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. या कामाला ते ‘रिलोडिंग’ म्हणतात. (आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे विनापरवाना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा इथे कुतूहल फक्त काट्यापुरतं.)

दारू मोजायची ती ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा, जशी आपल्या सोनाराची गुंज. या दोघांचं नातंही आहे. कंपनी सरकारनं 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा ठरवला. तोळ्याच्या गुंजा 96, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. रिलोडिंगचा काटा दाखवतो ग्रेनचा दहावा भाग, सुमारे 6.48 मिलिग्रॅम. गुंजेचे एकोणीस भाग केले तर त्यातला जवळपास एक. पिस्तुलाच्या लहान काडतुसात दारू चार-पाच ग्रेनच असते. तिथे अर्धा ग्रेन जास्त पडला तर दारू दहा टक्क्यांनी वाढली, आणि दाब त्याहून कितीतरी अधिक वाढू शकतो. बंदूक हातात असते आणि चेहऱ्याजवळही.

कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आरसीबीएस कंपनीचा ‘5-0-5’ हा या कुळातला नावाजलेला काटा. न्यू जर्सीच्या ओहाउसनं, 1907 पासून तराजू घडवणाऱ्या कंपनीनं, या जातीचे बरेच काटे आरसीबीएससाठी बनवले. एकच ताटली, एकच दांडी आणि दांडीवर तीन सरकती वजनं. डावीकडचं मोठं वजन दहा-दहा ग्रेनच्या खाचांवर बसतं, उजवीकडची दोन लहान वजनं उरलेले ग्रेन आणि दशांश सांभाळतात. दांडीच्या मध्याशी पोलादी सुरीधार, तिला टेकायला अकीक दगडाची बैठक. टोकाची धातूची पट्टी चुंबकांमधून हलते, त्यामुळे दांडीचे झोके लवकर शमतात. चुंबक फक्त गतीला अडवतो. दांडी थांबली की त्याचा जोर संपला, वजनात तो ढवळाढवळ करत नाही.

‘कॅलिब्रेशन’ हा शब्द इथे सगळे सर्रास वापरतात, पण मला तो पटत नाही. काट्याचं खरेपण कारखान्यात खाचा कापल्या तेव्हाच ठरलं. मालकाच्या हाती एक पायाचा स्क्रू असतो, आणि त्यानं फक्त शून्य जुळतं. काही काट्यांत ताटलीच्या बैठकीखाली शिशाचे बारीक छर्रे असतात. तो या काट्याचा पासंग. म्हणूनच एका काट्याची ताटली दुसऱ्यावर चालत नाही. शून्य जुळलं म्हणजे चाळीस ग्रेनलाही काटा खरंच बोलेल, असं मात्र नाही. जेवढी दारू तोलायची त्याच्या आसपासचं प्रमाणित वजन ठेवून पाहायचं, आणि ते वजन चिमट्यानं उचलायचं. बोटाचं तेल पितळेवर बसतं.

मग मालकानं करायचं काय? आड येणारं दूर करायचं, बस. ताटली उचलून पुन्हा ठेवा, असं दहा वेळा करा. दर्शक दर वेळी त्याच रेघेवर आला पाहिजे. येत नसेल तर सोनाराच्या भिंगातून सुरीधार पाहा. धूळ असेल तर स्पिरिटच्या कापसानं ती निघते. तेल कधीच घालू नये, कारण तेल धूळ धरून ठेवतं आणि धार चिकटते. धारेला कानस तर लावूच नये. टेकण्याची जागा केसभर सरकली की दांडीचे दोन्ही हात बदलले, आणि सगळ्या खाचा खोट्या ठरल्या. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस अडकतो, तो चिकटपट्टीनं टिपून घ्यायचा. दर्शक डोळ्याच्या पातळीत हवा. पंखा बंद. वजन खाचेच्या तळाशी नीट बसलंय का, हे ओतण्याआधी पाहायचं. डावीकडची एक खाच चुकली तर फरक दहा ग्रेनचा होतो.

इलेक्ट्रॉनिक काटा झटपट आकडा देतो, म्हणून आता तोच जास्त चालतो. पण तो तापायला वेळ घेतो आणि हळूहळू भरकटतो. शिवाय तो भार मोजतो, म्हणून जागा बदलली की त्याची पुन्हा तपासणी लागते. दांडीचा काटा एका वस्तुमानाशी दुसरं ताडून पाहतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षण दोन्ही बाजूंनी सारखंच कमी-जास्त होतं आणि हिशेबातून गळून पडतं. अनेक जाणकार इलेक्ट्रॉनिकवर तोलतात आणि मधूनमधून दांडीवर पडताळून घेतात. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

काम संपलं की दांडी बैठकीवरून उचलून ठेवावी. काटा हलवताना धार अकीकावर आपटली तर तिचा टवका उडतो.

काट्याला दशांश ग्रेन खरंच कळतो का, हे पाहायला महागडं साधन लागत नाही. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद घ्या आणि त्याचा 9 मिलिमीटर बाजूचा चौकोन कापा. त्याचं क्षेत्रफळ 81 चौरस मिलिमीटर, वजन 6.48 मिलिग्रॅम, म्हणजे दशांश ग्रेन. शून्यावर स्थिर असलेल्या काट्याच्या ताटलीत तो तुकडा अलगद सोडा. दर्शक हलला नाही, तर त्या दिवशी दारूचा डबा उघडू नये.