वजडी, पाये आणि कसायाची मजुरी

मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातील आपल्या घरांत बकरी ईदला बहुधा पहिली कढई कलेजीची चढते. ती लवकर शिजते आणि लवकर खराबही होते. कलेजी व तिल्ली ही दोन 'रक्ते' हलाल असल्याचे हदीसमध्ये आले आहे. मग भेजा, गुर्दे. पाये मंद आचेवर तासन् तास शिजतात. खरी मेहनत वजडीची. ती गरम पाण्यातून काढायची, खरवडायची, अनेक पाण्यांत धुवायची. मगच ओल्या नारळाचे वाटण लावून तांदळाच्या भाकरीबरोबर खायची.

ही मेहनत नको म्हणून कित्येक घरी मुंडी, पाये, वजडी कसायालाच देतात आणि तेवढी मजुरी कमी करतात. व्यवहार येथे बिघडतो. रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना कुर्बानीच्या उंटांचे मांस व कातडी सदका करण्यास सांगितले आणि कसायाची मजुरी त्यातून देण्यास मनाई केली. मजुरी पदरची द्यायची.

आम्हा कापडवाल्यांना हा हिशेब समजतो. उरलेली चिंधी शिंप्याला दिली, तरी तिची किंमत शिलाईतून कापत नाहीत.

तेव्हा सुरी चालण्याआधी मजुरी रोख ठरवावी व पूर्ण द्यावी. वजडी साफ करणाऱ्यालाही वेगळे पैसे द्यावेत. त्यानंतर कसायाला भेट म्हणून हिस्सा खुशाल द्यावा. मजुराचा हक्क आणि कुर्बानी, दोन्ही सलामत राहतील.