लोक वेशीशी बसले की 'लोक्वेशस'

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावातून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं इंग्रजीला बिचकतात, ती बहुधा व्याकरणापायी नाही. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं घोटून घोटून जमतात. घोडं अडतं ते समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांपाशी. 'पेन्युरी', 'कोपिअस', 'लोक्वेशस' हे शब्द शाळेच्या पुस्तकात कधी भेटलेले नसतात, बाजारात कुणाच्या तोंडी आलेले नसतात. वही भरून घोकले तरी आठवड्यात पाटी कोरी.

खरं तर लक्षात ठेवायच्या युक्त्या आपल्याला नव्या नाहीत. 'तानापिहिनिपाजा' म्हटलं की इंद्रधनुष्याचे सात रंग ओळीनं येतात. मुठीच्या उंचवट्यांवर महिन्यांचे दिवस मोजायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. परक्या भाषेच्या शब्दांसाठी अशीच एक युक्ती रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिली. १९७५ साली त्यांनी विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द दिले. एका गटानं प्रत्येक शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा ओळखीचा इंग्रजी शब्द खुंटीसारखा धरला आणि त्याची अर्थाशी मनातल्या चित्रानं गाठ मारली. त्या गटाला ७२ टक्के शब्द आठवले, ही युक्ती न सांगितलेल्या दुसऱ्या गटाला ४६. सहा आठवड्यांनी आकडे उतरले ते ४३ आणि २८ वर.

मग आपल्या पोरांनी खुंटी मराठीच का घेऊ नये? 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या. लोक वेशीशी बसलेत, सोयाबीनच्या भावापासून सरपंचाच्या जावयापर्यंत सगळ्यांचा पंचनामा चाललाय. 'कोपिअस' म्हणजे विपुल: घरात आढ्याला टेकलेला कापूस, माणसांना झोपायला जागा नाही. 'पेन्युरी' म्हणजे दारिद्र्य: पेरणी तोंडावर, खिशात दमडी नाही. 'मोरोस' तर आयताच, मोरू रुसून बसलाय. मोबाइलवर हिंदीत अशा तयार युक्त्या ढिगानं मिळतात, पण माझ्या मते त्या दुसऱ्याच्या चपलेसारख्या. चालता येतं, पण चावतात. स्वतः पाहिलेला कापूस डोळ्यांपुढे लगेच उभा राहतो.

काही शब्दांना मात्र खुंटी लागतच नाही, कारण ते आपले दूरचे भाऊबंद निघतात. 'इग्नाइट'मध्ये अग्नी आहे, 'जुव्हेनाइल'मध्ये युवा, 'रिनोव्हेट'मध्ये नव, 'मॉर्टल'मध्ये मृत. हे इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलेले, आणि लॅटिन व संस्कृत एकाच कुळातल्या, म्हणून हे नातं खरं. पेरणी आणि पेन्युरीचं सोयरपण आपण लावलेलं. वहीत दोन्हींची पानं वेगळी ठेवलेली बरी, नाहीतर पुढे कुणीतरी कापसाची व्युत्पत्ती लॅटिनमध्ये शोधायला निघेल.

या युक्तीची एक खोड १९९२ साली वँग, थॉमस आणि वेलेट या संशोधकांच्या प्रयोगात दिसली: खुंटीवर टांगलेले शब्द काही दिवसांनी घोकलेल्या शब्दांपेक्षा वेगानं विसरले गेले. म्हणून उजळणी हवीच. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली कप्प्यांची पेटी त्यासाठी झकास. पैसे घालायची गरज नाही. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापल्या की कोऱ्या बाजूची कार्डं तयार. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, तिथली पाळी उशिरा येते. चुकलेला परत पहिल्यात, रोज समोर.

कार्डावर नुसता अर्थ लिहून मात्र भागत नाही. पाऊस 'कोपिअस' असतो, टिपणंही असतात. धिप्पाड पैलवानाला तो शब्द लावला तर परीक्षक लाल शाई काढणारच. तेव्हा शब्द जिथं वाचला ते अख्खं वाक्य अर्थाखाली उतरवून घ्यावं.