विश्लेषण : दिवा हिरवा, आकडा मात्र ८२.४! इलेक्ट्रिक युनिसायकलची बॅटरी खरोखर ‘फुल’ कधी होते?

रात्रभर चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक युनिसायकल सकाळी काढली. चार्जरचा दिवा हिरवा आहे, पण मोबाइल अ‍ॅपवर ८४ ऐवजी ८२.४ व्होल्ट दिसत आहेत. हा फरक फोनच्या बॅटरीत असता तर कोणी लक्षही दिले नसते. फार तर फोन संध्याकाळी थोडा लवकर बंद पडला असता. युनिसायकलचे तसे नाही. एकच चाक, हँडल नाही, आणि स्वाराचा पुढे-मागे तोल सांभाळण्याचे काम मोटार करते. बॅटरी कमी पडली तर गाडी नुसती थांबत नाही, स्वार तोंडावर पडतो.

८४ हा आकडा आला कुठून?

या चाकांमध्ये बहुतेक लिथियम-आयन सेल असतात. असा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. असे २० गट एकापुढे एक जोडले की होतात ८४ व्होल्ट. प्रत्येक गटात दोन, चार किंवा अधिक सेल समांतर असतात. त्यामुळे पल्ला वाढतो, व्होल्टेज नाही. किंगसाँगच्या १६एस या चाकात १६ गट आहेत, म्हणून तिथे ‘फुल’ म्हणजे ६७.२ व्होल्ट. इनमोशन व्ही११ मध्ये ८४, व्हेटरन शर्मनमध्ये १००.८, तर बेगोडे मास्टरमध्ये १३४.४. म्हणजे अ‍ॅपवरच्या आकड्याला गटांच्या संख्येने भागले की एका सेलची सरासरी अवस्था कळते. आपले ८२.४ भागिले २० म्हणजे ४.१२. सरासरी म्हणून हा आकडा वाईट नाही. पण घात होतो तो सरासरीतच. तिकडे जाण्याआधी चार्जर काय करतो ते पाहू.

हिरवा दिवा नेमके काय सांगतो?

चार्जिंग दोन टप्प्यांत होते. आधी चार्जर ठरावीक करंट देत राहतो आणि व्होल्टेज चढत जाते. समजा बॅटरी २० अँपिअर-अवरची आणि चार्जर अडीच अँपिअरचा, तर या टप्प्यातच जवळपास आठ तास जातात. व्होल्टेज ८४ ला टेकले की चार्जर ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरतो. तो ठरलेल्या पातळीखाली गेला की दिवा हिरवा होतो. थोडक्यात, दिवा फक्त ‘करंट कमी झाला’ एवढेच सांगतो. का कमी झाला, हे त्याला ठाऊक नसते.

करंट कमी होण्याचे एक साधे कारण म्हणजे चार्जरच ८४ ऐवजी ८३ च्या आसपास देत असणे. दुसरे, अ‍ॅपवरचे मोजमाप अर्धा-एक व्होल्ट चुकत असणे. मल्टिमीटरने चार्जरच्या पिनवर मोजले की दोन्हींचा उलगडा होतो. फक्त मीटरची टोके एकमेकांना टेकू देऊ नका. ८४ व्होल्ट डीसी हा खेळ नव्हे.

चार्जर आणि मोजमाप दोन्ही बरोबर निघाले तर?

मग संशय एखाद्या कमजोर गटावर. चार्जरला फक्त एकूण बेरीज दिसते. १९ गट ४.२ वर आणि एकच गट २.६ वर असला, तरी बेरीज ८२.४ च येते! ८४ गाठण्यासाठी चार्जर जोर लावत राहतो, निरोगी गट ४.२ च्या वर ढकलले जातात आणि बॅटरीतले बीएमएस हे सर्किट धोका ओळखून चार्जिंग तोडते. करंट शून्य, दिवा हिरवा. असे चाक घेऊन वेगात निघालात, तर तो एक गट सर्वात आधी कोसळतो.

फरक किरकोळ असेल तर बीएमएस तो स्वतः मिटवते. भरलेल्या गटांतली थोडी ऊर्जा रेझिस्टरमधून उष्णता म्हणून सोडून देते, तोवर मागे पडलेले गट वर येतात. मात्र हा करंट फार छोटा असतो. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर एक अँपिअर-अवरचा फरक भरून काढायला २० तास लागतील. अनेक चाकांत हे काम चार्जिंगच्या अगदी शेवटीच होते. म्हणून रोज ८०-९० टक्क्यांवर थांबणाऱ्यांनीही (सेलच्या आयुष्यासाठी ती सवय चांगलीच) अधूनमधून पूर्ण चार्ज करून, हिरव्या दिव्यानंतर आणखी दोन-तीन तास प्लग ठेवावा. अर्थात घरात कोणी जागे असताना आणि जळाऊ सामानापासून दूर.

उलट ८४ दिसले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. काही चाकांत दोन बॅटरी पॅक समांतर असतात. त्यातल्या एकाची वायर सुटली तरी दुसरा पूर्ण ८४ दाखवतो. पल्ला अचानक निम्मा झाला किंवा जोर देताच व्होल्टेज एकदम खाली बसू लागले, तर चाक उघडून पाहणे आले.

व्होल्टेजचा आणि पडण्याचा संबंध काय?

मोटार जितकी वेगाने फिरते, तितके उलटे व्होल्टेज स्वतः तयार करते. बॅटरीचे व्होल्टेज त्याच्यापेक्षा जितके जास्त, तितका तोल सावरायला जोर शिल्लक. ८४ वरून ६८ वर आलेल्या चाकाचा कमाल वेग सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. सकाळी सहज पेलणारा वेग संध्याकाळी धोक्याचा ठरतो तो यामुळे. चाक मागे झुकून इशारा देते, पण खड्ड्यात किंवा चढावर तेवढा वेळ मिळेलच असे नाही.

गंमत म्हणजे अगदी भरलेली बॅटरीही अडचणीची. उतारावर ब्रेक लावताना मोटार वीज परत पाठवते आणि ती घ्यायला जागाच नसते. व्होल्टेज ८४ च्या वर गेले की चाक बीप करते, मागे झुकते. घर टेकडीवर असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपासच थांबवा.

राहिला तो सकाळचा ८२.४. ज्या चाकांच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक गटाचे व्होल्टेज दिसते, तिथे तिढा मिनिटात सुटतो. इतरांनी आधी चार्जर मोजावा, मग एकदा बॅलन्सिंगला वेळ द्यावा. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर बॅटरीचे काम जाणणाऱ्याकडून पॅक उघडून प्रत्येक गट मोजून घ्यावा आणि तोवर चाक घरीच ठेवावे. ‘चार्ज पूर्ण होत नाही’ म्हणून १००.८ व्होल्टचा चार्जर लावून पाहणे मात्र कटाक्षाने टाळा. काही चार्जरची पिन हुबेहूब सारखी असते आणि ती बिनबोभाट बसतेही.