कळते, पण वळत का नाही?

‘कळते, पण वळत नाही’ ही म्हण मधुमेहाच्या रोग्याला अगदी चपखल लागू पडते. आमच्या ताडकळसला कुणाला ‘शुगर’ निघाली की तो भात सोडतो, कडू कारल्याचा रस पितो. पण गोड चहा काही सुटत नाही. मग घरचे म्हणतात, “जिभेवर ताबाच नाही!” माझ्या आजोबांनाही हेच ऐकावे लागते. त्यांच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती, तेव्हा तर फारच. पण दोष केवळ जिभेचा आहे काय?

येथे उत्क्रांतीचा विचार उपयोगी पडतो. आजच्या घडणीचा माणूस सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीपासून आहे. शेती मात्र जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. त्यापूर्वी गोड म्हणजे पिकलेली फळे आणि मध, तेही क्वचित हाती लागणारे. ज्यांना गोडाची ओढ होती त्यांनी मिळेल तेव्हा भरपूर खाल्ले, ते उपासमारीत तगले आणि त्यांचाच वंश वाढला. आपण त्यांचेच वारस. आजोबा तरुणपणी, १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडून सुकडीवर जगले. तेव्हा हीच ओढ कामाची होती. आज साखर बारमाही मिळते. ओढ मात्र तीच राहिली.

अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये असा तर्क मांडला की, चरबी साठवणारा काटकसरी देह दुष्काळात तरतो, पण सुकाळात मधुमेहाला बळी पडतो. हा तर्क सर्वांना मान्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे देहाची ही काटकसर आईच्या पोटातही घडते.

याचा अर्थ हवे ते खावे असा नव्हे. पथ्य कुणालाच चुकत नाही. परंतु इतक्या जुन्या ओढीशी रोग्याने एकट्याने झुंजावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. घरातील सर्वांच्याच चहात साखर कमी घालावी. पाहुण्याला “एवढ्याने काय होते?” असा आग्रह करू नये. आणि गर्भारशीला उरलेसुरले न देता सर्वांआधी वाढावे. बोल लावून कुणाची साखर उतरत नाही. घराने साथ दिली तर उतरू शकते.